नऊ नंबरच्या टाकीचा उपास

नौशीननं नऊ नंबरच्या टाकीवर लाल चिकटपट्टी लावली आणि सारजाबाईनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

लाल पट्टी म्हणजे उपास. पट्टी निघेपर्यंत त्या टाकीत दाणा टाकायचा नाही, हा नियम सारजाबाईला पाठ होता. आधीच्या आठ टाक्यांना तिनं तो पाळलाही होता. आनंदानं नाही, पण पाळला होता. मात्र त्या आठ टाक्यांतली मंडळी खाऊनपिऊन तट्ट फुगलेली. त्यांना एखादा उपास घडला तर तब्येतीला बराच. नऊ नंबरमध्ये नवरी राहत होती, आणि नवरीची गोष्ट वेगळी होती.

नवरी ही रोहू माशाची बोटुकली. बोटाएवढं पिल्लू म्हणून बोटुकली. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. तिथं भिंतीला लावून काचेच्या टाक्या मांडल्या होत्या आणि एका टाकीत एकच पिल्लू, असा कारभार होता. पीएच.डी. करणाऱ्या नौशीनच्या लेखी ते नुसते नंबर होते. खोली झाडणाऱ्या, टाक्या धुणाऱ्या सारजाबाईनं मात्र पहिल्याच आठवड्यात सगळ्यांचं बारसं उरकून टाकलं होतं. एक नंबरचा सरपंच: दाण्याचा डबा वाजला की सगळ्यांच्या आधी वर हजर, आणि खाऊन झालं तरी आणखी काही वाटप आहे का ते बघत तिथंच घुटमळणारा. चार नंबरचा कंडक्टर नुसता या टोकापासून त्या टोकापर्यंत. सहा नंबरचा तलाठी बघावं तेव्हा जागेवर नाही.

आणि नवरी. दाणे पडले की ही आधी दगडाआड. सगळं निवांत झालं की हळूच यायची, एखाददुसरा दाणा उचलायची आणि सासूनं बघितलं तर नाही ना अशा बेतानं परत कोपऱ्यात. उरलेले दाणे तसेच तळाला. ते जाळीनं काढताना सारजाबाईचा जीव तुटायचा.

नौशीनला शोधायचं होतं ते नेमकं हेच. एका आईची पिल्लं, एक पाणी, एक दाणा. मग एक अधाशी आणि दुसरं इतकं नाजूक खाणारं का? शहागंजात तिच्या अब्बांचं, शफीकभाईंचं, अत्तराचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला समजावून सांगायची हातोटी तिथूनच आली असावी, कारण सारजाबाईला तिनं सगळं एकदाच सांगितलं आणि ते समजलं.

"मावशी, शहागंजच्या चौकात दोन रिक्षा उभ्या आहेत. दोन्ही चालू, पण जागच्या हलत नाहीत. एक भकाभका पेट्रोल पितेय, दुसरी गुपचूप उभी. माशांचं तसंच असतं का, एवढंच मला बघायचंय. काही न करता नुसतं जगायला कुणाला किती लागतं. ज्याला जास्त लागतं तो जास्त खात असेल."

"एवढ्यासाठी कॉलेज कशाला काढलं माय?" सारजाबाई म्हणाली. "आमच्या घरी या की. आमचे मालक पाच भाकरी खातेत अन् वाळल्या तुरकाठीवानी हायेत. म्या अर्धीवर उठते, तर मला बसच्या दारातून आडवं चढावं लागतं."

"तेच तर! फक्त तुमच्या मालकांना बरणीत घालता येत नाही."

माशाला येत होतं. पिल्लू एका अरुंद काचेच्या बरणीत सोडायचं, झाकण घट्ट लावायचं, आणि पाण्यातला ऑक्सिजन किती वेगानं उतरतो ते यंत्रावर बघायचं. पिल्लानं किती श्वास ओढला ते त्यावरून कळे. मात्र त्याआधी पोट रिकामं हवं. अन्न पचवायलाही श्वास लागतो. भरल्या पोटी मोजलं तर आकडा जगण्याचा न येता जेवणाचा येतो. म्हणून ती लाल पट्टी.

सारजाबाईला हे सगळं मान्य होतं, आणि तरीही नवरीच्या बाबतीत मान्य नव्हतं. तिचं माहेर मेंढरांचं. संध्याकाळी कळप बसला की तिचा बाप, मुंजाबा, एकेका कोकराच्या पोटावरून हात फिरवायचा. खपाटीला गेलेलं पोट हाताला लागलं की त्या कोकराला दुसऱ्या मेंढीला लावायचं, नाहीतर पेंडीची गोळी करून बोटानं चारायची, आणि मगच पालातली भाकरी सुटायची. उपाशी जनावर तसंच ठेवून माणसं जेवली असं त्या घरात झालंच नव्हतं. पुढं मेंढरं गेली, सारजाबाई करमाडला सासरी आली, तिथून रोज बसनं कॉलेजात यायला लागली; पण हाताची सवय कुठं जाते? माशाच्या पोटावरून हात फिरवता येत नाही, एवढीच काय ती अडचण.

तिचा हिशेब सरळ होता. सरपंच भरल्या पोटानं उपासाला बसला. नवरी बसली ती मुळात उपाशीच. उपासावर उपास, हा कुठला न्याय?

त्या दिवशी ती निघायच्या वेळेला नौशीन आकडे घेऊन सरांकडे गेली होती. खोलीत हवेच्या पंपांचा बुडबुड आवाज. सारजाबाईनं दाराकडे बघितलं. पदराची गाठ सोडली. गाठीत घरून आणलेली शेंगदाण्याच्या पेंडीची चिमूट होती. आज नऊ नंबरची पाळी हे तिला ठाऊकच होतं; म्हणजे हे सगळं तिनं सकाळीच ठरवलं होतं आणि दिवसभर स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं. पेंड ओली करून तिनं ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी वळली आणि दोन बोटांत धरून पाण्यात धरली.

व्हरांड्यात चपला वाजल्या. तिनं हात काढला नाही. चपला पुढं गेल्या.

नवरी दगडाआडून निघाली. थांबली. परत मागं सरली. मग सरळ बोटापाशी आली आणि गोळी ओढली. आजवर कुणाच्या देखत न जेवलेली पोर, हातातून जेवली! सारजाबाईनं दुसरी गोळी धरली, तीही गेली. तिसरीही.

बसमध्ये ती एकटीच हसत होती. घरी पोचल्या पोचल्या तिनं नवऱ्याला सांगितलं, "खाल्लं बरं का!"

"कुणी?" हनुमाननं विचारलं. त्याची तिसरी भाकरी चालू होती.

"नवरीनं. माझ्या हातानं."

"बरं झालं," हनुमान म्हणाला, "लेकरू उपाशी नको," आणि चौथी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नौशीन यायच्या आधी सारजाबाईनं नवरीला न्याहारीही करवली. एकदा चुकलेलं माणूस दुसऱ्यांदा चुकताना किती निर्धास्त असतं!

त्याच सकाळी नवरीची पाळी होती. नौशीननं तिला अलगद बरणीत सोडलं, वरून काळं कापड टाकलं, आणि पाण्याला स्थिरावायला हवा तेवढा वेळ जाऊ दिला. अभय सर आले होते. नौशीनचे मार्गदर्शक तेच आणि विभागप्रमुखही तेच. बोलणं कमी, बघणं जास्त. सारजाबाई पोतेरं घेऊन कोपऱ्यातली एकच फरशी घासत राहिली.

झाकण लागलं. यंत्रावरचा आकडा उतरायला लागला. उतरत गेला. सरपंचाच्या वेळी उतरला होता त्याहूनही भराभर.

"हे कसं?" नौशीन पुटपुटली. तिनं परत मोजलं. आकडा तसाच. "सर, ही सगळ्यात कमी खाणारी आहे. हिचा सगळ्यात कमी यायला हवा."

"यायला हवा असं काही नसतं," सर म्हणाले. "येईल तो खरा. पण पहिल्या आठांमध्ये जास्त खाणाऱ्याचा जास्त अशी सरळ रांग लागली आणि हा असा एकदम उलटा? मला यंत्राची शंका येतेय. किती दिवसांपासून चुकीचे आकडे देत असेल ते कुणाला माहीत?"

"म्हणजे आधीचे आठही..."

"यंत्रावर भरवसा नसेल तर आधीचेही गेले. आणि ते परवा सकाळी परत जायचंय."

यंत्र दुसऱ्या शहरातून उसनं आणलेलं होतं. ते पुन्हा मिळायचं म्हणजे पुढच्या वर्षी. आणि नौशीनची मुदत या उन्हाळ्यात संपत होती. हे सारजाबाईला ठाऊक होतं, कारण नौशीन टाक्यांशी बोलता बोलता हे रोज सांगायची. आता मात्र ती दोन्ही हात टेबलावर ठेवून नुसती आकड्याकडे बघत होती.

सारजाबाईच्या हातातलं पोतेरं थांबलं. यंत्र बिघडलेलं नाही, हे या खोलीत तिला एकटीलाच माहीत होतं. आणि आणखी एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती: तिच्या आधीच्या माणसानं माशांना खारी चारली होती, तर सफाईच्या ठेकेदारानं त्याला दुसऱ्या दिवशी गेटातून आत घेतलं नव्हतं. खारी निदान परकी वस्तू. हिनं तर उपास मोडवला होता. गप्प राहिलं तर नोकरी शाबूत. नौशीनचं वर्ष वाहून जाईल, पण ते यंत्राच्या नावावर.

ती उठली. गुडघे वाजले तेवढेच.

"सर, मशीन चांगलं हाये."

दोघांनी वळून बघितलं.

"ती... ती जेवलीय."

"कोण जेवलीय?" सरांनी विचारलं.

"नवरी. म्हंजे नऊ नंबर. काल जेवली अन् आज सकाळी न्याहारी केली. म्या चारली."

नौशीनचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"ये क्या किया मावशी तुम्ही! लाल पट्टी दिसली नाही तुम्हाला?"

"दिसली की. म्हणून तर चारली."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मावशी, तो खारीवाला आठवतो ना?"

"व्हय सर."

"मग आता नीट ऐका. आजपासून हिचा उपास पुन्हा सुरू. परवा सकाळी, यंत्र नेणारे यायच्या आत, एकदा मोजू. आकडा खाली आला तर तुम्ही म्हणता ते खरं, यंत्र चांगलं, नौशीनचं काम वाचलं. आणि वरच राहिला, तर एकतर यंत्र बिघडलंय, नाहीतर तुम्ही पुन्हा चारलंय. दोन्हीतलं काय ते मी शोधत बसणार नाही."

म्हणजे नोकरी, नौशीनचं काम आणि सारजाबाईचा शब्द, सगळं त्या बोटभर पिल्लाच्या श्वासाला बांधलं गेलं. आणि त्या पिल्लाला याची काही कल्पना नव्हती. त्याचं पोट भरलेलं होतं.

त्या दुपारी नौशीन तिच्याशी एक शब्द बोलली नाही. डबा खायच्या वेळी सारजाबाईनं डबा उघडलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तेव्हा मात्र नौशीनला राहवलं नाही.

"मावशी, जेवत का नाही?"

"तिचा उपास हाये ना."

"अहो, आकडा तिचा घ्यायचाय, तुमचा नाही!"

"जनावर उपाशी ठेवून घास उतरत नाय माय. सवयच नाय. अन् दुसरं म्हंजे..." सारजाबाईनं आवाज बारीक केला, "माझं पोट भरलेलं असलं ना, की मला दुसऱ्याचं उपाशी पोट लई दिसतं. मी बी उपाशी ऱ्हायले म्हंजे हात आखडता राहील."

नौशीन हसणार होती, पण तिनं ते आवरलं. रागाला अजून दुपार उरली होती. "आणि घरचे?"

"मालक म्हणले, तू उपाशी तर मी बी. सकाळी लई रुबाबात म्हणले. आत्ता फोन आला व्हता शेजारच्या चंपाबाईचा. माणूस भोवळ येऊन ओट्यावर बसला म्हणं. तिनं पाच भाकऱ्या दिल्या, तवा उठला."

आता मात्र नौशीन हसलीच. "आणि तुम्ही? तुम्हाला काही होत नाही?"

"मला? च्या घेतला की झालं."

नौशीननं एकदा तिच्याकडे, एकदा नऊ नंबरच्या टाकीकडे बघितलं आणि ती कामाला लागली.

खरी परीक्षा उपासाची नव्हतीच. ती दुपारी समोर आली. सारजाबाई आठ नंबरची काच पुसायला गेली आणि नऊ नंबरात हालचाल झाली. नवरी दगडाआडून निघून थेट काचेपाशी आली. तोंड उघडून, मिटून, परत उघडून ती सारजाबाईच्या बोटांसमोर उभी राहिली. दगडाआड बसणारी ही पोर, दोन जेवणांत ओळख धरून बसली होती.

सारजाबाई डावीकडे सरली. नवरी डावीकडे. उजवीकडे, नवरी उजवीकडे.

"माय माय," सारजाबाई हळूच म्हणाली, "नको गं. नको असं बघू."

पदराच्या गाठीत आज काही नव्हतं. पण दाण्याचा डबा हाताच्या अंतरावर होता. एक दाणा. एका दाण्यानं काय होतंय? ती तिथून हलेना, आणि नवरीही हलेना.

"मावशी," मागून नौशीनचा आवाज आला, अगदी दबका. ती केव्हापासून उभी होती कोण जाणे. "बाजूला व्हा."

"म्या काय दिलं नाय! देवाच्यान नाय दिलं!"

"माहितीये. पण तुम्हाला बघून ती धावतेय. धावली तरी श्वास वाढतो. अशी दिवसभर काचेवर नाचत राहिली तर उद्या आकडा वरच येईल, दाणा न देतासुद्धा."

सारजाबाईला हे दाण्यापेक्षा जड गेलं. दाणा न देणं जमवता आलं असतं. पण नुसतं समोर असणं, तेसुद्धा नडतंय? तिनं पुठ्ठ्याचा खोका फाडला, नऊ नंबरच्या चारी बाजूंनी पुठ्ठा उभा केला, सुतळीनं बांधला, आणि त्या खोलीचा केर तसाच ठेवून बाहेर गेली. उरलेला दिवस तिनं विभागाचे सगळे व्हरांडे पुसले. काही ठिकाणं तर दोनदा.

शेवटच्या सकाळी ती नेहमीच्या आधीच्या बसनं आली आणि आत न जाता दाराबाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. यंत्र नेणारा माणूस मोठा खोका घेऊन आधीच येऊन बसला होता. सत्यम की काय नाव होतं त्याचं. सारखा घड्याळात बघत होता.

"आजी, आत किती वेळ आहे अजून?"

"तिला विचार," सारजाबाई म्हणाली.

"कुणाला?"

तिनं बोटानं दार दाखवलं. दाराच्या काचेतून नौशीनची पाठ दिसत होती, आणि त्या पाठीपलीकडे काळं कापड. सर बाजूला हाताची घडी घालून. पाठ हलेना. सारजाबाईनं त्या पाठीवरून काही वाचायचा प्रयत्न केला. मेंढरांच्या पाठीवरून तिला बरंच कळायचं, पीएच.डी.च्या पाठीवरून काहीच कळेना. समजा काल खोलीत तिचा पायरव ऐकूनच पिल्लू धावलं असेल? समजा पुठ्ठा सरकला असेल? समजा नवरीची रिक्षाच मुळात पेट्रोल पिणारी असेल, आणि बिचारी भीतीपायी खात नसेल? तसं असेल तर ती खरंच उपाशी होती, आणि आकडा वर येणार, आणि कुणालाच काही पटणार नाही.

दार उघडलं. सर बाहेर आले. तिच्याकडे न बघता त्यांनी फोन कानाला लावला आणि व्हरांड्याच्या टोकाला चालत गेले. ठेकेदारालाच असणार. सारजाबाईनं पदर खांद्यावरून नीट घेतला. जायचं तर नीट जावं.

मग नौशीन बाहेर आली. डोळे पाणावलेले. हे चांगलं की वाईट, तेही कळेना.

"मावशी."

"बोल माय."

"सगळ्यात कमी."

"म्हंजे?"

"नऊच्या नऊंमध्ये सगळ्यात कमी. दोनदा मोजलं. सरपंचाच्या निम्म्याहून खाली. यंत्र चांगलं आहे, आकडे सगळे राहिले." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "आणि तुमच्यावर सरांचा विश्वास बसला. आत्ता फोनवर ते यंत्रवाल्यांना सांगतायत, की पाठवतोय म्हणून."

सारजाबाई मटकन बसली, तिथंच, पुसलेल्या व्हरांड्यात.

"म्हंजे ती उपाशी नव्हती?"

"नाही. तिला लागतच कमी. दोन दाण्यांत तिचं भागतं."

"मग माझ्या हातून कशापायी खाल्लं तिनं? तीन गोळ्या?"

नौशीन विचारात पडली. "ते मला नाही माहीत. एका पिल्लावरून सांगता यायचं नाही. पेंड आवडली असेल. किंवा तुम्ही आवडला असाल."

"हे लिवणार का तुमच्या पुस्तकात?"

"पेंडीचं लिहीन. तुमचं नाही, नाहीतर सर मला गेटाबाहेर काढतील."

सर परत आले. सारजाबाई उठायला लागली, तसं त्यांनी हातानंच बसा म्हटलं. "मावशी, टाक्या तुम्हीच धुवायच्या. पण दाण्याच्या डब्याला हात लावायचा नाही. आणि पदर सोडून यायचं, गाठ न मारता."

"व्हय सर," सारजाबाई म्हणाली.

आत सत्यम यंत्राच्या वायरी गुंडाळायला लागला. नौशीननं दाण्याचा डबा उचलला. "चला, पट्टी काढते. तिला आधी देऊ, मग तुम्ही..."

पण सारजाबाईनं पिशवीतून आपला डबा बाहेर काढला होता. झाकण उघडलं, बाजरीची अर्धी भाकरी आणि ठेचा मांडीवर घेतला.

"तिला दे सावकाशीनं," ती म्हणाली. "तिला काय घाई नाय." आणि पहिला घास मोडून तोंडात टाकला.